तीन नद्यांच्या काठी

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. येथील मुलांनी गलबते, वाळूतले शंख-शिंपले आणि भरती-ओहोटी ही पुस्तकातील चित्रांतच पाहिलेली असतात. परंतु ज्याला 'काठ' म्हणतात, तो मात्र या जिल्ह्यांत हवा तेवढा आहे. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती अशा मोठमोठ्या नद्या येथे वाहतात. त्यांच्या काठी लहान लहान गावे वसलेली आहेत. होड्या आहेत, कोळ्यांची जाळी आहेत आणि दृष्टी पोहोचेल तेथपर्यंत पसरलेली वाळूही आहे. या नद्यांचे सर्व पाणी शेवटी गोदावरीला मिळते व तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. कोकणात जसे गाव समुद्राकडे तोंड करून बसलेले असते, तसेच येथील गाव नदीकडे तोंड करून बसलेले असते.

चंद्रपूर म्हटले की लोकांना कडक उन्हाळा आठवतो. ते खरेच आहे. मे महिन्यात तेथील उष्णतेची बातमी देशभर जाते. परंतु याच मुलखातील हिवाळा ज्याने अनुभवला नाही, त्याने हा मुलूख अर्धाच पाहिला असे म्हटले पाहिजे. आश्विन संपतो आणि पावसाळ्यात गढूळ होऊन धावणाऱ्या नद्या निवळू लागतात. पाणी उतरते, पात्रातील खडक डोके वर काढतात, आणि दोन्ही काठांना पांढऱ्याशुभ्र रेतीचे पट्टे उघडे पडतात. धान कापून होते, खळ्यावर तणसाचे ढीग रचले जातात. सकाळी नदीवर धुके इतके दाट असते की डोंगा दिसत नाही, केवळ वल्ह्याचा आवाज ऐकू येतो. डोंगा म्हणजे एकाच झाडाचे खोड कोरून केलेली होडी. तिला खिळा लागत नाही की फळी लागत नाही. काही रात्री पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. दाट जंगलातील गारठा मोकळ्या माळावरील गारठ्यापेक्षा निराळा असतो. तो दवाबरोबर झाडांवरून ठिबकतो आणि उन्हे चांगली वर येईपर्यंत हलत नाही.

या भागात प्रवास करावयाचा तो याच ऋतूत. पावसाळ्यात ओढ्यानाल्यांना पूर आला की वाटा बंद होत, आणि एकदा बंद झालेली वाट चार-चार महिने उघडत नसे. म्हणून सरकारी अधिकारी, व्यापारी, जंगलाचे ठेकेदार आणि हौशी प्रवासी, सगळेच पाणी उतरण्याची वाट पाहत.

गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात भामरागड नावाचे गाव आहे. तेथे जाणारा रस्ता आलापल्लीच्या प्रसिद्ध सागवनातून जातो. एकेका सागाचे खोड इतके सरळ आणि उंच की माथा पाहताना मान दुखावी. आलापल्लीच्या पुढे वस्ती विरळ होत जाते, बांबूची बेटे वाढत जातात, आणि सुमारे पासष्ट किलोमीटर गेल्यावर नदीचा आवाज कानी येऊ लागतो. भामरागडला तीन नद्या एकत्र येतात: इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम. इंद्रावती ओडिशातील कालाहांडीच्या डोंगरांत उगम पावते व बस्तर ओलांडून येथे येते. येथून पुढे ती महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहत जाऊन सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. उरलेल्या दोघी त्यामानाने लहान आहेत. परंतु पर्लकोटेला लहान म्हणण्याचे धाडस पावसाळ्यात कोणी करू नये. तिच्यावरील पूल वर्षानुवर्षे पुरात बुडत आला, आणि पूल बुडाला की भामरागड आणि पलीकडची कितीतरी गावे जगापासून तुटत. तीच पर्लकोटा डिसेंबरात पाहावी, तर पोरांनी गुडघाभर पाण्यातून हसतखिदळत पलीकडे जावे इतकी शांत झालेली असते.

या तिन्ही नद्यांच्या काठी माडिया लोक राहतात. ते गोंड समाजाच्या मोठ्या कुटुंबातील एक शाखा आहेत. त्यांची भाषा माडिया. ती मराठीला जवळची नाही, तेलुगू-कन्नड या द्राविडी भाषांच्या कुळातील आहे. तिला स्वतःची लिपी नाही, म्हणून ती ज्याला शिकावयाची असेल त्याने माणसांजवळ बसूनच शिकली पाहिजे. माडियांचे पुष्कळसे सण हाती आलेल्या नव्या फळाशी किंवा धान्याशी निगडित असतात. त्या सणाला ते 'पंडुम' म्हणतात. पंडुम झाल्यावाचून नवे धान्य तोंडात घालावयाचे नाही, असा त्यांचा नेम. शिकार, मासेमारी, थोडीफार शेती आणि जंगलातील मोह, चारोळी, डिंक यांवर त्यांचा निर्वाह चाले. बाहेरून विकत घ्यावयाची वस्तू मुख्यतः एकच होती, ती म्हणजे मीठ. जंगलात सर्व काही मिळे, मीठ मात्र मिळत नसे. व्यापाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. मूठभर मिठासाठी ते टोपलीभर चारोळी घेऊन जात. अक्षरओळख नसलेल्या माणसाला तराजू कसा फसवतो, याचे दुसरे उदाहरण शोधावयास नको.

सन १९७० च्या सुमारास बाबा आमटे आपल्या दोन तरुण मुलांना घेऊन भामरागडला सहलीसाठी आले. बाबांचे नाव तेव्हा महाराष्ट्रभर झालेले होते. वरोऱ्याजवळच्या ओसाड, खडकाळ जमिनीवर कुष्ठरोग्यांच्या हातांनी त्यांनी 'आनंदवन' उभे केले होते. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली, आणि ज्यांना समाजाने घराबाहेर काढले होते ते रोगी त्या जमिनीवर धान्य पिकवू लागले. विकास आणि प्रकाश ही त्यांची दोन मुले रोग्यांच्याच सहवासात लहानाची मोठी झाली. दोघेही नागपूरला वैद्यकीचे शिक्षण घेत होते. अभ्यासाचा शीण उतरावा, जंगल आणि नदी पाहावी, एवढाच मुलांचा हेतू होता. बाबांचा हेतू काय होता, ते बाबांनाच ठाऊक. हा भाग त्यांनी पूर्वी पाहिलेला होता आणि तो त्यांच्या मनातून गेलेला नव्हता.

नदी सुंदर होती, जंगल सुंदर होते. परंतु वाटेत दिसलेली माणसे मुलांच्या मनाला लागून राहिली. गाडी पाहताच ती झाडीत पळून जात. अंगभर कपडे घातलेला परका माणूस म्हणजे काहीतरी हिरावून नेणारा, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता. अंगावर एक लंगोटी, पोट खपाटीला गेलेले, लहान मुलांची पोटे मात्र प्लीहा वाढल्याने फुगलेली. प्लीहा वाढणे हे वारंवार येणाऱ्या हिवतापाचे लक्षण असते, हे वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना कोणी सांगावयास नको होते. आणि या एवढ्या मुलखात डॉक्टर किती? जवळपास एकही नाही.

येथे काहीतरी काम उभे केले पाहिजे असे बाबांनी बोलून दाखवले. त्यांचे वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे होते. हे काम आपण करू, असे धाकट्या प्रकाशने सांगितले. तरुणपणी सहलीच्या उत्साहात माणसे पुष्कळ काही बोलून जातात आणि घरी परतल्यावर विसरतात. हा तरुण विसरला नाही.

जमीन मिळण्यास तीन-एक वर्षे गेली. अखेर भामरागडपासून सुमारे तीन किलोमीटरवर, हेमलकसा येथे, सरकारने जंगलातील जागा दिली. २३ डिसेंबर १९७३ रोजी, भर हिवाळ्यात, तेथे 'लोक बिरादरी प्रकल्प' सुरू झाला. आनंदवनातून आलेल्या कार्यकर्त्यांनी झुडपे तोडून पहिल्या झोपड्या उभारल्या. आनंदवन ते हेमलकसा हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आज ते काही तासांचे वाटते. तेव्हा वाटेतले नाले, फुटलेले रस्ते आणि नसलेले पूल यांमुळे ते किती दिवसांचे होईल, याचा भरवसा नसे. प्रकाश तेव्हा नागपूरला शस्त्रक्रियेच्या उच्च पदवीचा अभ्यास करीत होते. तो अर्धवट सोडून ते १९७४ मध्ये हेमलकशाला राहावयास आले. त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी या भूल देण्याच्या शास्त्रात तज्ज्ञ होत्या. शहरातील मोठ्या रुग्णालयात त्यांना सहज जागा मिळाली असती. त्याही बरोबर आल्या. बाबांच्या मुलाने येणे एक वेळ समजते. परंतु वेगळ्या घरात वाढलेल्या या बाईंनी त्या झोपडीत संसार मांडला, हे अधिक अवघड होते, आणि त्याचा उच्चार मात्र पुष्कळदा कमी होतो.

रुग्णालय होते ते एका झाडाखाली. डॉक्टर होते, औषधे होती, फक्त रोगी येत नव्हते. आजार हा देवाचा वा करणीचा कोप, तो पुजाऱ्यानेच उतरवावयाचा, अशी लोकांची समजूत. शिवाय या परक्यांवर विश्वास तरी का ठेवावा? पळून जाणाऱ्या माणसांना औषध कसे द्यावे, हे कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात लिहिलेले नसते. म्हणून डॉक्टरांनी आधी भाषा शिकण्यास आरंभ केला. एखादा शब्द ऐकावा, तो मराठी अक्षरांत वहीत टिपावा, दुसऱ्याशी बोलताना तो वापरून पाहावा, असा तो अभ्यास चालला. 'कोठे दुखते', 'किती दिवसांपासून', 'काय खाल्ले' एवढे विचारता येईपर्यंत बराच काळ गेला.

तेथील हिवाळा कसा असे, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. कारण या मुलखातील पुष्कळ दुखणी त्या हिवाळ्याशी जोडलेली होती. शहरातील माणसाला थंडी म्हटले की मऊ पांघरूण, गरम चहा आणि उशिरापर्यंत झोप आठवते. माडिया घरात पांघरूणच नसे. संध्याकाळ झाली की अंगणात किंवा झोपडीच्या मध्यभागी मोठे ओंडके पेटवावयाचे आणि त्याभोवती सगळ्यांनी, म्हाताऱ्यांनी, बायकांनी, पोरांनी, उघड्या अंगाने निजावयाचे. पाठ गारठली की पाठ जाळाकडे करावयाची, छाती गारठली की छाती. रात्रभर माणूस असा कूस बदलत राही. जो जागा होई, तो ओंडका पुढे सारी. ही शेकोटी म्हणजेच त्यांची घोंगडी, तोच त्यांचा दिवा, आणि रानटी जनावरांपासून राखणदारही तीच.

परंतु झोपेतल्या माणसाला अंतराचे भान राहत नाही. एखादे मूल लोळत लोळत निखाऱ्यांवर जाई. एखाद्याला फेफरे येई आणि तो सरळ जाळात पडे. फेफरे म्हणजे ज्यात शुद्ध हरपून हातपाय झटके देतात तो आजार. त्या वेळी अंग भाजत आहे हे रोग्याला कळतही नाही. प्रारंभीच्या दिवसांत हेमलकशाला असाच एक तरुण आणला गेला. फेफऱ्याच्या झटक्यात तो आगीत पडला होता. शरीराचा मोठा भाग भाजला होता, जखमा सडून त्यांत किडे झाले होते, आणि आता हा वाचत नाही असे समजून घरच्यांनी आशा सोडली होती. भाजलेल्या कातडीची शुश्रूषा हे अत्यंत चिकाटीचे काम असते. जखम रोज धुवावी लागते, मेलेले मांस काढावे लागते, पुन्हा स्वच्छ पट्टी बांधावी लागते. हे एक-दोन दिवस नव्हे, तर आठवडेच्या आठवडे चालते. शहरात त्यासाठी निर्जंतुक खोली लागते. येथे झोपडी होती, उकळलेले पाणी होते आणि दोन डॉक्टरांचे हात होते. तो तरुण बरा झाला आणि आपल्या पायांनी चालत गावी गेला.

त्याने गावात काय सांगितले असेल, ते निराळे सांगण्याची गरज नाही. आता बाजेवर घालून, कावडीत बसवून, कधी खांद्यावर घेऊन माणसे रोग्यांना आणू लागली. कोणी हिवतापाने बेशुद्ध झालेला, कोणाला अस्वलाने फाडलेले, कोणी बाळंतपणात अडलेली. अस्वलाने केलेली जखम फार भयंकर असते; ते चेहऱ्यावरच झडप घालते. अशा चेहऱ्यांना कंदिलाच्या उजेडात टाके घातले गेले. विजेचे दिवे यावयास पुढे कित्येक वर्षे लागली.

या काळातील एक गोष्ट लहानशी आहे, परंतु पुढे ती सर्वांच्या लक्षात राहिली. थंडीच्या दिवसांत डॉक्टर स्वतः पुरेसे कपडे घालून रोग्यांपुढे बसत आणि समोरचा रोगी कुडकुडत असे. त्या दोघांमधील अंतर औषधाने भरून निघणारे नव्हते. डॉ. प्रकाश यांनी ठरवले की यापुढे आपण अर्धी विजार आणि बंडी एवढेच घालावयाचे. लोकांसारखे गरीब होणे काही कपडे कमी करून साधत नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. परंतु अंगभर कपडे पाहून पळणाऱ्या माणसांपुढे बसताना तरी त्या अंगावर काही भीतिदायक नसावे, एवढे त्यातून साधले. पुढे मोठमोठ्या समारंभांतही लोकांनी त्यांना याच वेषात पाहिले.

हेमलकशाला आज जाणारी मुले रुग्णालय पाहतात खरी, परंतु त्यांचे पाय प्रथम वळतात ते प्राण्यांकडे. त्या प्राण्यांची कथाही शिकारीतूनच सुरू झाली. एके दिवशी डॉक्टरांना जंगलातून परतणारे शिकारी भेटले. त्यांनी एक माकडीण मारली होती आणि ती काठीला बांधून नेत होते. तिचे लहानसे पिल्लू मेलेल्या आईच्या छातीला बिलगून दूध शोधत होते. या पिल्लाचे काय करणार, असे विचारता शिकाऱ्यांनी सरळ उत्तर दिले की तेही खाणार. त्यात क्रूरपणा नव्हता, भूक होती. भुकेल्या माणसाला दयेवर व्याख्यान देऊन उपयोग नसतो. डॉक्टरांनी त्यांना तांदूळ व कपडे देऊन ते पिल्लू मागून घेतले. त्याचे नाव ठेवले 'बबली'. घरातील कुत्र्यांशी बबलीची इतकी गट्टी जमली की ती त्यांच्या पाठीवर बसून हिंडू लागली.

त्यानंतर गावोगाव एक अलिखित करार झाल्यासारखे झाले. शिकारीत आई मेली आणि पिल्लू जिवंत हाती लागले, तर ते हेमलकशाला पोहोचते करावयाचे व बदल्यात धान्य न्यावयाचे. अस्वले आली, हरणे आली, तरस आले, मगरी आल्या, बिबटेही आले. 'नेगल' नावाच्या बिबट्यावर आणि त्याच्या सोबत्यांवर प्रकल्पातील कार्यकर्ते विलास मनोहर यांनी मराठीत पुस्तक लिहिले आहे; त्याचे नावही 'नेगल'च आहे. ज्यांना प्राण्यांविषयी वाचावयास आवडते, त्यांनी ते अवश्य मिळवावे. लहानपणापासून माणसात वाढलेला प्राणी पुन्हा जंगलात सोडता येत नाही. शिकार कशी करावी आणि माणसाला कसे टाळावे, हे त्याला त्याच्या आईने शिकवलेले नसते. म्हणून हे अनाथालय चालवणे म्हणजे आयुष्यभराचे पालकत्व असते. बिबट्याला रोज मांस लागते आणि ते रोज कोठून तरी आणावे लागते, हेही सहलीला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

१९७६ मध्ये येथे शाळा निघाली. आरंभी मुलांना पकडून आणावे आणि त्यांनी रात्री पळून जावे असा खेळ चाले. घरी जाळाभोवती निजणाऱ्या मुलाला चार भिंतींच्या आत, आईवाचून, झोप कशी यावी? हळूहळू मुले रमली. अक्षर ओळखू लागलेले मूल बाजारात बापाच्या शेजारी उभे राहून तराजूचा काटा वाचू लागले, आणि मिठाचा जुना हिशेब पहिल्यासारखा चालेनासा झाला. याच शाळेत शिकलेले काही विद्यार्थी पुढे डॉक्टर, वकील आणि शिक्षक झाले आहेत. ज्या गावांत लिपी पोहोचलेली नव्हती, तेथे एका पिढीत हे घडले.

पुढे मानसन्मानही आले. १९९५ मध्ये मोनॅको या युरोपातील चिमुकल्या देशाने डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांच्या गौरवार्थ टपाल तिकीट काढले. भूमध्य समुद्राच्या काठी वसलेल्या त्या देशाला पर्लकोटेच्या काठची ही बातमी कळली, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला बाबा आमटे यांचे आनंदवनात निधन झाले होते.

दरम्यान नकाशाही बदलला. हेमलकशाचे काम सुरू झाले तेव्हा हा सर्व भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा नवा जिल्हा निर्माण झाला. जिल्ह्याचे ठिकाण थोडे जवळ आले, रस्ते झाले, पूल झाले, आणि हिवाळा लागला की आता नागपूर, पुणे, मुंबई येथून सहली येऊ लागल्या आहेत. शाळांच्या गाड्या येतात, कुटुंबे येतात. त्यांना संगमावरील सूर्यास्त पाहावयाचा असतो, बिबट्या पाहावयाचा असतो, आणि 'आदिवासी' पाहावयाचे असतात.

या शेवटच्या इच्छेविषयी थोडे बोलले पाहिजे. नदी पाहिली म्हणून नदीचे काही जात नाही. माणसाचे जाते. कोकणातील एखाद्या घरात अनोळखी पाहुणा न विचारता शिरला, चुलीपाशी उभ्या असलेल्या आजीचे छायाचित्र घेऊ लागला आणि तिच्या लुगड्याविषयी मोठमोठ्याने बोलू लागला, तर त्या घरच्यांना काय वाटेल? माडिया घरालाही तेच वाटते. तेथील माणसे बोलून दाखवत नाहीत, इतकेच. पूर्वी ती झाडीत पळत, आता उंबऱ्याच्या आत जातात. ज्याला खरोखर जाणून घ्यावयाचे असेल, त्याने त्यांचे चार शब्द शिकून जावे, बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडून काही विकत घ्यावे आणि भाव फार घासू नये. लाल मुंग्यांची चटणी कोणी पुढे केली, तर नाक न मुरडता चाखून पाहावी. ती चिंचेसारखी आंबट असते आणि गरम भाताबरोबर चांगली लागते. वाळूत कागद, बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकून येऊ नये, हे तर सांगावयासच नको. परंतु संगमाच्या वाळूकडे पाहिले तर सांगितलेच पाहिजे असे दिसते.

भीती अजून सर्वस्वी सरलेली नाही. हिवताप अजूनही या जंगलात आहे. पर्लकोटा पावसाळ्यात अजूनही आपला हक्क सांगते. गेली चार दशके या जिल्ह्याने हिंसाचारही पुष्कळ सोसला, आणि त्यात ज्यांचे कोणतेच भांडण नव्हते अशी गरीब माणसेही भरडली गेली. रस्ता आला म्हणजे औषध येते, पुस्तक येते, तसा जंगल तोडणाराही त्याच रस्त्याने येतो. या भागातील जाणत्या माणसांचा रस्त्याला विरोध नाही. त्यावरून कोण आणि कशासाठी येत आहे, एवढेच ती निरखून पाहतात.

हेमलकशाच्या रुग्णालयात रोगी कधी एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बायको येते, आई येते, दोन भाऊ येतात, कधी कडेवरचे मूलही येते. येताना ती सर्व मंडळी तांदूळ आणि भांडी बरोबर आणतात व आवारातील झाडांखाली तीन दगडांची चूल मांडतात. मोठ्या शहरातील रुग्णालयात ही गर्दी कोणी चालवून घेणार नाही. येथे ती उपचाराचाच भाग मानली जाते. कारण ज्या माणसाने आयुष्यात एकट्याने रात्र काढलेली नाही, त्याला एकटे ठेवून बरे करता येत नाही.

डिसेंबरातील रात्री जेवणे आटोपली की या चुलींतील निखारे एकत्र केले जातात आणि एक मोठी शेकोटी पेटते. तिच्याभोवती वेगवेगळ्या गावांची माणसे बसतात. कोणी इंद्रावतीच्या पलीकडून, छत्तीसगडातून, दोन दिवस चालत आलेला असतो. कोणाची मुलगी आत तापाने पडलेली असते, कोणाचा भाऊ उद्या घरी जाणार असतो. बोलणे माडियात चालते, हळू आवाजात. लहान मुले निजली की त्यांना उचलून जाळापासून हातभर दूर ठेवतात आणि अंगावर रुग्णालयाची लाल घोंगडी घालतात. आत कंपाउंडर रात्रीच्या गोळ्या वाटत असतो, आणि पलीकडे पिंजऱ्यातले तरस मध्येच एकदा ओरडून गप्प होते.